मुलींचं कॉन्व्हेंट : भिंत कुणासाठी, दार कुणासाठी?

(शिरगाव, बदलापूर इथे परिसरातल्या महिला गटांच्या एकत्रित बैठकीत एका सामाजिक कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज बोलायला विषय तुम्हीच दिलात. मागच्या बैठकीत एका वहिनींनी विचारलं होतं, "ताई, पोरीला सिस्टरांच्या शाळेत घालू का? फक्त मुलींची असेल तर आणखी बरं. लांब पडली तरी चालेल." त्यांच्या शेजारी बसलेल्या दोघीतिघींनी माना डोलावल्या. मी तेव्हा घाईत काहीतरी उत्तर दिलं. घरी गेल्यावर ते उत्तर मलाच पटेना. म्हणून आज जरा नीट बोलू या.

हा प्रश्न आत्ताच का आला, ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याच बदलापुरात, बालवर्गातल्या दोन चिमुरड्यांवर शाळेच्या स्वच्छतागृहात अत्याचार झाला. आरोपी शाळेतलाच सफाई कर्मचारी. तक्रार नोंदवायला गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला माणसं रुळांवर उतरली, गाड्या दिवसभर बंद राहिल्या. आपल्यातल्या कितीतरी जणी त्या दिवशी स्टेशनवर होत्या, कुणी आंदोलनात, कुणी कामावरून परत येताना अडकलेल्या. त्यानंतर कित्येक आयांच्या मनात एकच विचार बसला : मुलीभोवती भिंत पाहिजे. उंच पाहिजे. आणि भिंत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कॉन्व्हेंट येतं. दगडी कुंपण, लोखंडी फाटक, फाटकावर वॉचमन, आत सिस्टर. मुलगा नाही, पुरुष नाही.

मी तुमच्या या भीतीला नावं ठेवणार नाही. मलाही मुलगी आहे. पण दोन गोष्टी आधीच सांगते. पहिली, त्या प्रकरणात धोका वर्गातल्या मुलग्यांकडून आला नव्हता. तो एका प्रौढ नोकराकडून आला, आणि ज्यांनी वेळेत ऐकून घ्यायचं त्यांनी ऐकलं नाही म्हणून वाढला. मुलींची शाळा केली म्हणून हा धोका आपोआप टळत नाही. तिथेही बसचा ड्रायव्हर असतो, शिपाई असतो, खेळाचे सर असतात. आणि दुसरी गोष्ट, मुलींच्या कॉन्व्हेंटमध्ये घेण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते भिंतीत नाही. ते कशात आहे, ते सांगण्यासाठी मला थोडं माझ्याविषयी बोलावं लागेल.

मी अशाच एका शाळेत शिकले. मुंबईच्या उपनगरातली, सिस्टरांची, फक्त मुलींची शाळा. नाव सांगत नाही, कारण पुढे तक्रारही करणार आहे. आमची चाळ शाळेच्या मागच्या गल्लीत होती. माझी आई त्या शाळेत मावशी होती. वर्ग झाडायचे, पाण्याच्या टाक्या भरायच्या, लहान मुलींना बाथरूमला न्यायचं, आणि घंटा वाजवायची. शाळेची घंटा माझी आई वाजवायची याचा मला पहिली-दुसरीत फार अभिमान होता. पाचवी-सहावीत त्याचीच लाज वाटायला लागली. असं का झालं, हे कळायला मला समाजकार्याचं शिक्षण घ्यावं लागलं.

आई मावशी होती म्हणून मला प्रवेश मिळाला आणि फीमध्ये सवलत मिळाली. पण ही सवलत एकदा मिळाली की संपलं, असं नव्हतं. दर जूनमध्ये नवा अर्ज. आई तो अर्ज हातात घेऊन ऑफिसच्या बाहेर उभी राहायची, बाकड्यावर बसायची नाही. आमची रांग प्रार्थनेहून वर्गाकडे जाताना त्याच व्हरांड्यातून जायची. मी मान वळवून भिंतीकडे बघत चालायची. मोठ्या सिस्टर प्रेमळ होत्या, त्यांनी अर्ज कधीही नाकारला नाही. पण दर वर्षी विचारायला लागायचं. दया आणि हक्क यांत काय फरक असतो, हे मी पुस्तकात वाचायच्या आधी त्या व्हरांड्यात पाहिलं.

आता या शाळा आल्या कुठून, ते थोडक्यात पाहू. "मुलींचं कॉन्व्हेंट" म्हटलं की आपल्याला भायखळा, फोर्ट, वांद्रे, पुण्याचा कॅम्प भाग आठवतो. भायखळ्याची आणि पुण्याच्या कॅम्पातली कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी ही शाळा ज्या संघाची, तो संघ १८१८ साली फ्रान्समधल्या लिआँ शहरात क्लोदीन तेवने या बाईंनी सुरू केला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९४ मध्ये, त्यांच्या दोन भावांना गोळ्या घालून मारण्यात आलं होतं. लिआँ रेशमाचं शहर. रस्त्यावर आलेल्या अनाथ मुलींना त्या जवळ करायच्या, विणकाम शिकवायच्या, लिहायला-वाचायला शिकवायच्या. म्हणजे मुळात हे काम आपल्या बचत गटांच्या आणि आधारगृहांच्या कामासारखंच. पण त्याच संघाने पैसेवाल्या घरच्या मुलींसाठी फी घेऊन निवासी शाळाही चालवली. एका संघाची दोन दारं. १८४२ मध्ये या सिस्टर आग्र्याला आल्या, पुढे मुंबई-पुण्याला. वांद्र्याचं सेंट जोसेफ कॉन्व्हेंट बेल्जियममधल्या दुसऱ्या एका संघाचं. इंग्रजी अमदानीत अशा अनेक संघांच्या कामात हीच रचना दिसते : गोऱ्या साहेबांच्या आणि अँग्लो-इंडियन घरांतल्या मुलींसाठी इंग्रजी शाळा, आणि त्याच आवारात किंवा शेजारी गरीब, अनाथ मुलींसाठी आश्रम आणि देशी भाषेतली शाळा. पहिल्या दारातून जाणारी मुलगी पियानो शिकायची, दुसऱ्या दारातली शिवण.

आणि हे फक्त मिशनऱ्यांनीच केलं असं नाही हं. आपल्याकडे तर मुलीला मॅट्रिकपर्यंत, म्हणजे कॉलेजच्या उंबऱ्यापर्यंत शिकवायचं की नाही, यावरच रण माजलं होतं. १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीरावांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, त्यासाठी अंगावर शेण-माती झेलली. १८८३ मध्ये मुंबई विद्यापीठाने पदवीची दारं मुलींना उघडली. १८८४ मध्ये रानडे, भांडारकर वगैरे मंडळींनी पुण्यात मुलींचं हायस्कूल काढलं, आपली हुजूरपागा. तिथे इंग्रजी शिकवणार, मॅट्रिकची तयारी करून घेणार, म्हटल्यावर टिळकांच्या 'मराठा' आणि 'केसरी'तून टीकेची झोड उठली. मुलींना असं शिक्षण कशाला, दिवसभर शाळेत बसवल्या तर घरकाम कधी शिकणार, असा एकूण सूर. १९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं, मातृभाषेतून शिकवलं, ही मोठी गोष्ट. पण तिथेही बायकांसाठी वेगळा, घरसंसाराला पूरक अभ्यासक्रम असावा, हा विचार होताच.

तेव्हा लक्षात घ्या, मुलीला कॉलेजसाठी तयार करणं, म्हणजे मुलग्यासारखंच गणित, तेच विज्ञान, तीच परीक्षा, ही गोष्ट आपल्या समाजाने कधीही सहज दिलेली नाही. कॉन्व्हेंटने ती काही मुलींना दिली. १९४० मध्ये मुंबईत सोफिया कॉलेज सुरू झालं, तेही सिस्टरांनीच चालवलेलं. आपल्यातल्या अनेक कार्यकर्त्या ज्या निर्मला निकेतनमधून समाजकार्य शिकल्या, ते कॉलेज १९५५ साली एका कॅथलिक सिस्टर संघानेच काढलं. आपल्या चळवळीने हे ऋण मोकळेपणाने मानायला हवं. त्यासाठी आपला धर्म कोणता, हा प्रश्नच येत नाही.

मुलींच्या शाळेत मला काय मिळालं? साधं सांगते. प्रयोगशाळेत बर्नर पेटवायला मीच, आकृती काढायलाही मीच आणि निरीक्षणं लिहायलाही मीच. "तू वहीत लिही, प्रयोग तो करेल" असं म्हणायला तिथे कुणी "तो" नव्हताच. क्रीडादिनाला तंबूचे खांब आम्हीच रोवायचो. वर्गप्रमुख मुलगी, शाळाप्रमुख मुलगी, भांडण करणारी मुलगी, भांडण मिटवणारीही मुलगी. मुख्याध्यापिका बाई, हिशेब बघणारी बाई, बांधकामाच्या कंत्राटदाराला झापणारीसुद्धा बाईच. नवरा नाही, मूल नाही, तरी सगळं गाव जिला मान देतं अशी बाई मी पहिल्यांदा तिथे पाहिली. आपल्या वस्तीत बिनलग्नाची बाई म्हणजे बिचारी नाहीतर वाया गेलेली. तिसराही एक रस्ता असू शकतो, हे एका लहान मुलीच्या मनात पेरणं ही लहान गोष्ट नाही.

दहावीच्या वर्षी गणिताच्या सिस्टरांनी आम्हा पाचसहा जणींना शाळा सुटल्यावर रोज थांबवून घेतलं. क्लासची फी परवडणाऱ्यांतल्या आम्ही नव्हतो. त्यांनी एक पैसा घेतला नाही. अकरावीला मी मुलग्यांच्या वर्गात बसले, पहिल्याच आठवड्यात फळ्यावरची चूक दाखवली. मागून हसण्याचा आवाज आला. पण हात वर करायची सवय हाडात मुरली होती, ती काही गेली नाही.

म्हणून मुलींच्या शाळाच सगळीकडे काढा, असं मी म्हणते का? नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी २१ देशांतल्या १८४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. घरची परिस्थिती, प्रवेशासाठी झालेली निवड हे सगळं हिशेबात धरल्यावर, फक्त मुलींच्या किंवा फक्त मुलग्यांच्या शाळेचा म्हणावा असा फायदा त्यांना दिसला नाही. आपल्या मनातला हिशेब चुकतो तो इथेच. कॉन्व्हेंटच्या मुली हुशार दिसतात, कारण अनेकदा त्यांच्या घरात पुस्तकं असतात, आई शिकलेली असते, पोटभर जेवण असतं. मला जे मिळालं ते वर्गात मुलगे नव्हते एवढ्यामुळे नाही मिळालं. कुणीतरी रोज माझ्याकडून कामाची अपेक्षा ठेवली, मला वेळ दिला, मोठ्या जबाबदाऱ्या दिल्या, म्हणून मिळालं. ही गोष्ट मुलामुलींच्या शाळेतही करता येते. जिल्हा परिषदेच्या शाळेतही करता येते. कुणी मनावर घेतलं तर.

आता तक्रार. आमच्या शाळेत मराठी बोललं की दंड होता. मधल्या सुट्टीत आई डबा द्यायला यायची, तेव्हा मी तिच्याशी कोपऱ्यात जाऊन कुजबुजत बोलायची. माझ्या आईची भाषा ही चोरीची वस्तू झाली होती. अकरावीत इंग्रजीचा फायदा झाला, खोटं बोलत नाही. पण वस्तीत काम करायला लागल्यावर मला माझीच भाषा पुन्हा नव्याने शिकावी लागली.

दुसरी तक्रार. पाळीविषयी, शरीराविषयी शाळेत एक शब्द नव्हता. डाग पडला की मावशींकडे पाठवायचे, म्हणजे माझ्या आईकडे. ती गुपचूप कापड द्यायची. "चांगल्या मुली" म्हणजे गुडघ्याखाली फ्रॉक, खाली नजर, हळू आवाज. अकरावीला कॉलेजला जाताना गर्दीच्या लोकलमध्ये एका माणसाने त्रास दिला, तेव्हा माझ्याकडे प्रयोगशाळेतले सगळे शब्द होते, पण जे झालं ते सांगायला शब्द नव्हता. दोन वर्षं मी कुणालाही सांगितलं नाही. म्हणजे कॉलेजच्या परीक्षेची तयारी झाली होती, कॉलेजपर्यंतच्या रस्त्याची झाली नव्हती.

आज काही ठिकाणी चित्र बदललं आहे. २०१० मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने स्त्री-पुरुष समतेचं धोरण जाहीर केलं. एप्रिल २०२४ मध्ये याच परिषदेने आपल्या शाळांना सूचना दिल्या, की रोज संविधानाची उद्देशिका वाचा, इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती रीती लादू नका. हे स्वागतार्हच आहे. पण कागद एक आणि व्यवहार एक, हे आपल्याला नवं नाही. आणि या शाळा चालवणाऱ्या सिस्टरही शेवटी एका पुरुषप्रधान रचनेतच काम करतात. शाळा बाईची, पण तिच्या डोक्यावर बिशप, फादर. २०१८ साली कोचीत काही सिस्टर एका बिशपांवरच्या बलात्काराच्या आरोपासाठी उघडपणे धरण्याला बसल्या. २०२२ मध्ये कोर्टाने त्या बिशपांना निर्दोष सोडलं. निकालाबद्दल आपलं मत काहीही असो, त्या बायका आपल्याच संस्थेच्या फाटकाबाहेर येऊन बसल्या, हे आपण विसरू नये. भिंतीच्या आतल्या बाईलाही दार लागतं.

आता कायद्याकडे येऊ, कारण आपल्या वस्तीतल्या घरकामगार ताईंच्या मुली या शाळांत जाऊ शकतात का, हा खरा प्रश्न आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांना पहिल्या प्रवेशाच्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवायला लावल्या. आपल्यातल्या काही जणींनी ते ऑनलाइन अर्ज भरलेत, सोडतीची वाट बघितली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना यातून सूट देऊ केली. पालक आणि संघटना कोर्टात गेल्या, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. लढलं की मिळतं, याचं हे ताजं उदाहरण.

पण कॉन्व्हेंटला हे २५ टक्के लागू नाहीत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला, की संविधानाच्या कलम ३० खाली येणाऱ्या अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयातल्या दोन न्यायाधीशांनी या निकालाबद्दल शंका व्यक्त केली आणि मोठ्या पीठाने याचा विचार करावा म्हणून प्रकरण सरन्यायाधीशांपुढे ठेवलं.

इथे आपण जरा सावध राहिलं पाहिजे. अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा चालवण्याचा हक्क आहे, तो असायलाच हवा. ख्रिस्ती शाळांवर, सिस्टरांवर हल्ले करणाऱ्या, धर्मांतराची आवई उठवणाऱ्या टोळ्यांच्या सुरात आपला सूर मिसळता कामा नये. आपला प्रश्न वेगळा आहे. बालहक्क आयोगाच्या २०२१ च्या अहवालात म्हटलं होतं, की ख्रिस्ती संस्थांच्या शाळांत सुमारे ७४ टक्के मुलं ख्रिस्ती नाहीत, आणि सगळ्या अल्पसंख्याक शाळा मिळून दुर्बल-वंचित घटकांतली मुलं ९ टक्केही नाहीत. म्हणजे वर्गातली बहुतेक मुलं त्या समाजाबाहेरची आणि फी भरू शकणारी. तेव्हा आपण सिस्टरांना जाऊन आदराने विचारू शकतो : तुमच्या संघाची सुरुवात रस्त्यावरच्या मुलींपासून झाली. आज तुमच्या वर्गात रस्त्यावरची मुलगी किती? कायदा सांगत नाही म्हणून थांबायचं, की तुमची श्रद्धा सांगते म्हणून पुढे यायचं? आणि सवलत द्याल तर तिच्या आईला दर जूनमध्ये व्हरांड्यात उभं करू नका.

आता शाळेच्या फाटकातून आपल्या घरात येऊ. माझ्या कामात मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बघते. दोन मुलं, पगार एक. मुलगा इंग्रजी माध्यमात, व्हॅनने जातो. मुलगी जवळच्या मराठी शाळेत, धाकट्याला सोडून मग जाते. विचारलं की उत्तर येतं, "तिला काय, परक्याचं धन." आपल्या राज्यात अनुदानित शाळांत मुलींना बारावीपर्यंत फी माफ आहे. ही सवलत चळवळीच्या रेट्याने, मुलींनी शिकावं म्हणून मिळाली. पण घरात तिचा अर्थ असा लावला जातो, की मुलीवर खर्च करायची गरजच नाही.

आणि जे मुलीला कॉन्व्हेंटमध्ये घालतात, त्यांतल्या काही घरांत हेतू वेगळाच असतो. "इंग्रजी बोलली की स्थळ चांगलं मिळतं." एका घरात तर मुलीला दहावीला उत्तम गुण मिळाले, आणि शिक्षण तिथेच थांबलं. कारण काय, तर इथपर्यंत फक्त मुली होत्या, आता कॉलेजात मुलगे असणार, कल्याणला लोकलने जावं लागणार. जी भिंत तिच्या सुरक्षिततेसाठी म्हणून निवडली, तीच तिच्या शिक्षणाची शेवटची भिंत ठरली. तिची आई मला म्हणाली, "ताई, एवढे पैसे घातले ते वाया गेले का हो?" मी म्हटलं, वाया नाही गेले, अर्धे गेले. उरलेले अर्धे आता वसूल करू. आम्ही दोघी तिच्या वडिलांशी बोललो. एकदा नाही, चार वेळा. शेवटी शेजारच्या दोन मुली त्याच गाडीला आहेत, तिघींनी बायकांच्या डब्यात एकत्र जायचं, असं ठरलं तेव्हा कुठे ते तयार झाले. आज ती मुलगी उल्हासनगरला कॉलेजला जाते. हे सगळं शाळेच्या भिंतीमुळे नाही झालं, तीन मुलींच्या सोबतीमुळे झालं.

तेव्हा त्या वहिनींच्या प्रश्नाला माझं आजचं उत्तर असं आहे. शाळा सिस्टरांची आहे की नगरपालिकेची, मुलींची आहे की एकत्र, हे नंतर बघा. आधी काही गोष्टी शाळेत जाऊन, तोंडाने विचारा. एकटीने नको, चौघी मिळून जा.

एक, शाळेत सखी सावित्री समिती आहे का? मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने ती प्रत्येक शाळेत असायला हवी. तिच्यात कोण आहे, ती शेवटची कधी बसली, तक्रारपेटी कोण उघडतं, हे विचारा. बदलापूरच्या घटनेनंतर सरकारने सगळ्या शाळांना कॅमेरे लावायला सांगितले. कॅमेरा जरूर हवा, पण कॅमेरा ऐकत नाही. ऐकणारं माणूस कोण, ते विचारा.

दोन, लहान मुलींना बाथरूमला कोण नेतं? त्या मावशी कायमच्या कामावर आहेत की ठेक्यावर? त्यांना पगार किती मिळतो? हा प्रश्न मी मुद्दाम ठेवला आहे. माझ्या आईला शाळेतल्या शेकडो मुली नावाने ठाऊक होत्या. कोणती मुलगी आज गप्प आहे, हे तिला मुख्याध्यापिकेच्या आधी कळायचं. जी शाळा मावशीला दर वर्षी बदलते, ती मुलींची एक जागती नजर काढून घेते.

तीन, पाळीविषयी, शरीराविषयी, नको त्या स्पर्शाविषयी मुलींशी कोण बोलतं, कितवीत बोलतं? आणि शाळा एकत्र असेल तर मुलग्यांशी काय बोलतात? बदलापूरच्या प्रकरणात उच्च न्यायालयानेही म्हटलं होतं, की मुलग्यांना शिकवण्याची गरज आहे.

चार, फी कशी ठरते? राज्यात फी नियमनाचा कायदा आहे. फी ठरवताना पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला विचारावं लागतं. त्या समितीत आपल्यासारख्या कामकरी बायका किती आहेत? नसतील तर नाव द्या. इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहू नका. मराठीतून विचारलेला प्रश्नही प्रश्नच असतो.

आणि पाचवा प्रश्न शाळेला नाही, स्वतःला विचारायचा. दहावीनंतर मी हिला गाडीत बसू देणार आहे का? याचं उत्तर "हो" असेल, तर कुठलीही बरी शाळा तिला तयार करू शकेल. "नाही" असेल, तर जगातलं सगळ्यात महाग कॉन्व्हेंटही कॉलेजची तयारी करू शकणार नाही.

शेवटी एक छोटी आठवण सांगते आणि थांबते. मला समाजकार्याची पदवी मिळाली त्या वर्षी आई शाळेतून निवृत्त झाली. शेवटच्या दिवशी तिने मला बोलावून घेतलं. शाळा सुटायला पाच मिनिटं होती. तिने घंटेचा दांडा माझ्या हातात दिला. म्हणाली, "वाजव. इतकी वर्षं मीच वाजवली." मी वाजवली. फाटक उघडलं आणि शे-दोनशे मुली धावत बाहेर आल्या, ओरडत, एकमेकींना ढकलत. फाटकाबाहेर रस्ता होता, गर्दी होती, रिक्षावाले होते, सगळं होतं. एकही मुलगी थांबली नाही.

आपल्या मुलींना असंच बाहेर पडता यावं, एवढंच मागू या. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या मुलीच्या शाळेतल्या सखी सावित्री समितीची माहिती घेऊन या. कुणाला शाळेत आत घेतलं नाही, उत्तर दिलं नाही, तर तसं सांगा. मग आपण सगळ्या मिळून जाऊ.